दान मिळालेल्या दोन शेळ्या: आठ वर्षांनंतरचं परीक्षण, घेणाऱ्या घरातून

मी लातूरला एका रुग्णालयात परिचारिका आहे. मागच्या महिन्यात एका पेशंटचे नातेवाईक, साठीचे काका, औषधांच्या चिठ्ठीसाठी टेबलापाशी उभे होते. मी भूम तालुक्यातली आहे हे कळल्यावर म्हणाले, "आईचं वर्षश्राद्ध आलंय. जेवणावळीऐवजी एखाद्या गरीब घराला शेळी द्यावी, असं मुलं म्हणतात. पण सिस्टर, त्यानं खरंच काही होतं का, का फोटो काढला अन् संपलं?" डॉक्टरांचा राउंड सुरू झाला होता. "होतं काका," एवढंच बोलून मी गेले. परत आले तोवर पेशंटला सुट्टी झाली होती. त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर इथे लिहितेय.

आमच्या घराला 2017 साली अशा दोन शेळ्या मिळाल्या. देणाऱ्या संस्थेचं नाव मी लिहीत नाही. तिच्या चुकाही सांगणार आहे, आणि त्याच पद्धतीनं काम करणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत. तुम्ही कुणाकडेही पैसे द्या, बघायचं तेच आहे.

आधी घर सांगते. आमचं गाव बालाघाटच्या माथ्यावर, जमीन मुरमाड. दीड एकर कोरडवाहू, त्यात उडीद आणि तूर. आई-आप्पा दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर कोयता घेऊन साखर कारखान्याला ऊसतोडीला जायचे आणि पाडव्याच्या आसपास परत यायचे. मी आणि भाऊ आज्जीजवळ राहायचो. जानेवारी 2017 मध्ये फडात मोळ्या भरताना आप्पा ट्रॉलीवरून पडले. मणका दुखावला. तेव्हापासून त्यांना वाकता येत नाही, ओझं उचलता येत नाही. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे कामाआधीचे पैसे, मात्र पूर्ण जोडीची घेतलेली होती, आणि हंगाम अर्धा राहिला होता. जोडी मोडली तरी मुकादमाची बाकी मोडत नाही, ती पुढच्या सालावर चढते.

शेळी आमच्या घराला नवी नव्हती. आज्जीनं आयुष्यभर शेळ्या राखल्या, पण अर्धेलीनं. ज्यांना ही रीत माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. शेळी मालकाची, राखायची आपण. करडं झाली की निम्मी त्याची, निम्मी आपली. शेळी मेली तर बोल आपल्याला. आज्जीच्या हातून वीस वर्षांत कितीतरी करडं गेली, पण तिची स्वतःची म्हणावी अशी शेळी दावणीला कधी टिकली नाही. तिच्या वाट्याचं करडू मोठं व्हायच्या आतच दुकानदाराच्या नाहीतर दवाखान्याच्या उधारीत जायचं. म्हणून संस्थेची ताई पहिल्यांदा घरी आली तेव्हा आज्जीनं विचारलं होतं, "आन् वाटा किती तुमचा?"

ताई म्हणाली, "वाटा नाही आज्जी. पहिली पाट झाली की ती वाढवून एका दुसऱ्या बाईला द्यायची. मग सगळं तुमचं."

पाट म्हणजे मादी करडू. आज्जीचा विश्वास बसला नाही. माझाही नव्हता. पुढे कॉलेजात असताना वाचलं की ही रीत बरीच जुनी आहे. डॅन वेस्ट नावाच्या अमेरिकन माणसानं स्पेनच्या यादवी युद्धात मुलांना दूध वाटायचं काम केलं. वाटलेलं दूध संपतं, त्यापेक्षा गायच द्यावी, हे त्याच्या मनानं तिथे घेतलं. त्याच्या कामातून 1944 मध्ये पहिल्या कालवडी जहाजानं पोर्तो रिकोला गेल्या, आणि अट हीच होती की पहिली मादी वासरी दुसऱ्या गरजू घराला द्यायची. घेणाऱ्यानं देणारा व्हायचं. आमच्या गावात ही अट पाळली गेली, आणि मला वाटतं या सगळ्या योजनेतली ती सगळ्यात चांगली गोष्ट आहे. तिच्याविषयी पुढे लिहितेच.

आता शेळ्या आल्या तो दिवस. जुलैचा महिना होता. समाजमंदिरासमोर टेम्पो उभा राहिला आणि त्यातून शेळ्या उतरवल्या. बाजारातून एकगठ्ठा आणलेल्या होत्या. बायांनी चिठ्ठ्या उचलायच्या आणि चिठ्ठीवर येईल तो नंबर घ्यायचा. कुणावर अन्याय नको म्हणून तसं केलं असणार. पण ज्या बायांचं निम्मं आयुष्य शेरडांमागे गेलंय, त्यांना जनावर निवडू दिलं नाही, चिठ्ठीनं दिलं. ही पहिली चूक.

आमच्या वाट्याला एक काळी आली, चार दाती, दोन महिन्यांची गाभण, कानांवर पांढरे ठिपके. दुसरी तपकिरी, अंगानं बरी पण उतरल्यापासून खोकत होती. आईनं तिथेच सांगितलं, "ही खोकतीय." त्यांच्याबरोबर आलेला माणूस म्हणाला, प्रवासाचा शीण आहे, दोन दिवसांत बसेल. चौथ्या दिवशी तिच्या नाकातून शेंबूड यायला लागला, मग तोंडात फोड, मग हगवण. नवव्या दिवशी गेली. पीपीआर होता, शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग. शेळ्या आणायच्या आदल्या दिवशी लस टोचली होती, आणि लस टोचल्याबरोबर अंगात ताकद येत नाही, तिला दोन-तीन आठवडे लागतात. बाजारातलं जनावर आणलं की तीन आठवडे तरी वेगळं ठेवायचं असतं, हे मी आता सांगू शकते. तेव्हा आम्ही तिला काळीच्या शेजारी बांधली होती. काळी वाचली ते आमचं नशीब.

विमा होता. कानात बिल्ला होता. पण आजारानं मेलेल्या जनावराचे पैसे पहिल्या पंधरा दिवसांत मिळत नाहीत, असं कलम असतं, ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं. अशीच शेळी गेलेल्या आणखी दोघीजणी होत्या. तिघी मिळून संस्थेच्या कार्यालयात जाऊन बसल्या. त्या दिवसाची तिघींची मजुरी बुडाली. सप्टेंबरात संस्थेनं बदली शेळ्या दिल्या, आणि या वेळी बायांना बाजारात सोबत नेलं. आईनं बांडी निवडून आणली. पुढे सात वर्षं तिनं साथ दिली.

दोष आधी लिहिला, कारण देणगीदाराला तो कधी दिसत नाही. त्याला फोटो मिळतो तो टेम्पोच्या दिवसाचा. नवव्या दिवशी फोटो काढायला कुणी येत नाही.

पण याच संस्थेनं जी एक गोष्ट नीट केली, तिनं बाकीचं सावरलं. ती म्हणजे पशुसखी. शेजारच्याच गावची, दहावी झालेली बाई. संस्थेनं तिला शिकवून तयार केलं होतं. लस टोचणं, जंताचं औषध पाजणं, खुरं कापणं, बोकड खच्ची करणं, आणि डॉक्टरला कधी बोलवायचं ते ओळखणं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आमच्यापासून 14 किलोमीटर. आजारी शेळी एसटीत घालून नेता येत नाही. पशुसखी मात्र पायी यायची, एका टोचणीचे वीस रुपये घ्यायची आणि पैसे नसले तर वहीत लिहून ठेवायची.

दिवाळीला आई अर्धा कोयता म्हणून, म्हणजे जोडीशिवाय एकटी, मामाच्या टोळीत गेली. मागची बाकी फेडायची होती, दुसरा इलाज नव्हता. ती गेली त्याच्या सहाव्या रात्री काळीला कळा सुरू झाल्या. मी नववीत होते. आज्जीला रात्रीचं दिसत नव्हतं, आप्पांना वाकता येत नव्हतं. मी पशुसखीला फोन लावला. ती म्हणाली, "मी उजाडल्याशिवाय येऊ शकत नाही बाळ, पण फोन ठेवू नको." आणि मग ती बोलत गेली आणि मी करत गेले. पहिलं करडू आलं, नाकातोंडातला चिकटा पुसला. पंधरा मिनिटांनी दुसरं. नाळ दोन बोटं सोडून दोऱ्यानं बांधली, नव्या ब्लेडनं कापली, आयोडीन लावलं. अर्ध्या तासाच्या आत दोघांच्या तोंडात सड देऊन चीक पाजला. वार पडेना म्हणून मी घाबरले. ती म्हणाली, "ओढायची न्हाई. अजिबात ओढायची न्हाई. आठ-दहा तास वाट बघ." पहाटे वार पडली. ती उजाडता आली तेव्हा करडं डालग्याखाली झोपली होती. एक बोकड, एक पाट.

आज मी प्रसूती कक्षात काम करते. त्या रात्रीच्या प्रत्येक पायरीचं शास्त्र मला नंतर पुस्तकात भेटलं.

काळीच्या उस्मानाबादी जातीविषयी सांगायलाच हवं, कारण देणगी देताना लोक अंगापिंडानं मोठी, लांब कानांची, दूरच्या राज्यातली शेळी देऊ बघतात. आमच्याकडे ती टिकत नाही. ही काळी जात इथल्याच दुष्काळात घडली आहे. अंगानं मध्यम, तीस-पस्तीस किलो. पाच महिन्यांचं गाभणपण, साधारण आठ महिन्यांनी पुन्हा वेत, म्हणजे सांभाळ नीट असेल तर दोन वर्षांत तीन वेतं, आणि जुळी बऱ्याचदा. दूध जास्त नाही. काळी करडांचं भागवून अर्धा लिटर द्यायची. पण घरात त्याआधी काळा चहा होता. भाऊ पाचवीत होता, तो सकाळी पेलाभर दूध पिऊन शाळेत जायला लागला. आज्जीच्या औषधाबरोबर द्यायला काहीतरी होतं.

खरी परीक्षा 2018-19 च्या दुष्काळात झाली. कडब्याचे भाव चढले. आमच्या भागातल्या छावणीत मोठी जनावरंच घेत होते, शेळ्यांना तिथे जागा नव्हती. आम्ही बाभळीच्या शेंगा गोळा केल्या, बोराटीचा पाला वाळवून ठेवला, तुरीचं भुसकट राखलं. शेळ्या हाडांवर आल्या, एक पाट गेली, पण काळी आणि बांडी जगल्या. त्याच उन्हाळ्यात चुलत्यांनी आपली म्हैस निम्म्या किमतीत काढली. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, कोरडवाहू आणि हात आखडलेल्या घराला गाय-म्हैस देऊ नका. म्हशीला रोज पाणी, वैरण आणि दूध घालायला डेअरी लागते. ती आजारी पडली तर सगळं एकदम बुडतं. शेळी थोडी थोडी विकता येते.

आता मुख्य गोष्ट, 2018 चा दसरा.

आई एप्रिलात परत आली तेव्हा मुकादमाची 14,000 बाकी उरली होती. ऑगस्टात बकरी ईद होती. काळीच्या पहिल्या वेताचा बोकड दहा महिन्यांचा, पंचवीस किलोचा झाला होता. आईनं त्याला शेवटचे दोन महिने मक्याचा भरडा दिला होता. व्यापारी ईदच्या तीन आठवडे आधी दारात आला आणि 5,500 म्हणाला. आई थांबली. शेजारच्या बाईबरोबर बाजारात गेली आणि 7,800 ला विकून आली. जूनच्या वेतात काळीला दोन्ही बोकड झाले होते, ते दसऱ्याच्या आठवड्यात 5,600 ला गेले. 600 बचत गटातून घेतले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुकादम आला. तो दरवर्षी त्याच वेळी येतो. सणानं घर रिकामं झालेलं असतं, दुकानाची उधारी चढलेली असते, आणि त्याच्या हातात नोटा असतात. तो ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "वहिनी, यंदा तुमच्या भावाच्याच टोळीत घालतो. उचल वाढवून देतो, मागची बाकी त्यात वळती करू."

आई आत गेली. फडताळातून रुमालात बांधलेले पैसे आणले आणि त्याच्यापुढे ठेवले. "चौदा हायेत. मोजून घ्या. अन् वहीत फिटली म्हणून लिवा, माझी लेक वाचंल."

मी वही वाचली. त्यानं लिहिलं होतं. तो वाईट माणूस नव्हता, त्यालाही वरून पैसे आणलेले असतात. तो एवढंच म्हणाला, "दुष्काळ पडलाय वहिनी, खाल काय?" प्रश्न खरा होता. त्या हिवाळ्यात आमचे हाल झाले. आई रोजगार हमीच्या कामावर जायची, काही दिवस आम्ही भाकरी आणि चटणीवर काढले. आप्पा कितीदा तरी म्हणाले की गेलो असतो तर बरं झालं असतं. आईनं त्यांना कधी उत्तर दिलं नाही. पण त्या वर्षी मी दहावीला होते आणि आई घरी होती. माझ्या शाळेच्या दहा वर्षांत हिवाळ्यात आई घरी असण्याची ती पहिली वेळ.

पैशांचा हिशोब विचारणाऱ्यांसाठी आकडेही देते. संस्थेनं शेळीवही दिली होती, ती मी लिहायचे. पहिल्या साडेतीन वर्षांत आम्ही अकरा जनावरं विकली. हाती आले 57,400. खुराक, लस, जंताचं औषध, विमा आणि गोठ्याचे पत्रे यांत साधारण 13,000 गेले. लेंडीखत आमच्याच रानात पडलं, त्याचे पैसे धरलेले नाहीत. म्हणजे वर्षाला बारा-तेरा हजार. यात घर चालत नाही. मजुरी सुटली नाही, आईची खुरपणी-काढणी आजही चालू आहे. शेळीनं आम्हाला श्रीमंत केलं असं कुणी छापलं तर ते खोटं असेल. जोडीनं कोयता उचलला तर एका हंगामात याहून जास्त पैसे दिसतात. फरक असा की ते पैसे राबायच्या आधी घेतलेले असतात, आणि शेळीचे पैसे आपल्याला लागतील त्या दिवशी उभे करता येतात. आज्जीच्या डोळ्याचं ऑपरेशन, आप्पांचा पट्टा, माझ्या बारावीचा फॉर्म, या प्रत्येक वेळी आईनं व्याजाचा पैसा न आणता दावणीकडे बघितलं. 2021 मध्ये माझा नर्सिंगला नंबर लागला तेव्हा चार जनावरं एकदम विकली. दुसऱ्या वर्षाच्या फीला काळी गेली. ती थकत आली होती, सड आटत चालले होते. आईनं स्वतः नेऊन विकली, आणि मला फोनवर फक्त पैसे भरल्याचं सांगितलं.

बिल्ल्याविषयी थोडं लिहायचंय. शेळीच्या कानातल्या बिल्ल्यावर नंबर असतो आणि विम्याच्या कागदावर मालकाचं नाव. संस्थेनं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं की नाव बाईचंच लागेल. घर आप्पांच्या नावावर, रान आजोबांच्या, रेशनकार्ड आप्पांच्या. आईच्या नावावरची पहिली वस्तू ही शेळी. याचा उपयोग कळला तो एका चुलत दिरानं लग्नासाठी बोकड मागितला तेव्हा. आप्पा देणार होते. आई म्हणाली, "कागद माझ्या नावाचाय, इचारावं तर लागंल." बोकड गेला नाही.

दोष आणखी आहेत. शेळ्या लेकरांच्या, त्यातही मुलीच्या अंगावर पडतात. आई कारखान्यावर होती त्या हंगामात माझे शाळेचे 41 दिवस बुडाले. हजेरीपटावर आकडा आहे. संस्थेच्या कुणी तो विचारला नाही. बाई पहिलं वर्ष घरी राहू शकेल एवढा आधार सोबत दिला असता, महिन्याला थोडं धान्य जरी दिलं असतं, तर आई त्या हंगामाला गेली नसती.

दुसरं म्हणजे चराई. गावात पाणलोटाचं काम झालं, डोंगरावर समतल चर खणले, रोपं लावली आणि ग्रामसभेनं चराईबंदी केली. निर्णय योग्यच होता, आज त्या डोंगरावर गवत आहे आणि आडाला पाणी आहे. पण ज्या घरांकडे रान नाही त्यांच्या शेळ्यांनी खायचं काय, हे ठरवल्याशिवाय बंदी आली. वर्षभर भांडणं झाली. आम्हाला दीड एकर होतं म्हणून बांधावर शेवरी आणि सुबाभूळ लावता आली. सुबाभूळही नुसतीच घालून चालत नाही, जास्त झाली की शेळीचे केस गळतात, दुसऱ्या पाल्यात मिसळूनच द्यायची. पलीकडच्या आळीतल्या भूमिहीन बाईला शेवटी दोन्ही शेळ्या विकाव्या लागल्या. तिला शेळीबरोबर चाऱ्याची सोय द्यायला हवी होती.

तिसरं, पहिल्या पावसाचं कोवळं गवत. जून 2020 मध्ये आमची तीन करडं दोन दिवसांत गेली. संध्याकाळी उड्या मारत होती, सकाळी ताठ. आंत्रविषार, आतड्यात विष तयार होण्याचा रोग. त्याची लस पावसाळ्याच्या आधी द्यावी लागते, आणि त्या वर्षी टाळेबंदीत लस वेळेवर आलीच नाही. त्याच वर्षी बाजार बंद, ईदला बोकडाला गिऱ्हाईक नाही. व्यापाऱ्यानं दारात येऊन मागेल त्या भावात नेला. असंच ज्वारीचं. पाण्यावाचून खुरटलेली कोवळी ताटं खाल्ली की किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपतं. हे सगळं माहीत असणारं माणूस जवळ नसेल, तर दान दिलेली शेळी हे त्या घराला दिलेलं एक दुःख असतं. गरीब घरात जनावर मेलं की नुसते पैसे जात नाहीत. बाईला बोल लागतो, "तुझ्या हाताला यश न्हाई."

एकटी शेळी आणि सोबतीसह शेळी यातला फरक जगानंही तपासून पाहिलाय, हे नंतर कळलं. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांसह अनेकांनी भारतासह सहा देशांत, दहा हजारांहून जास्त गरीब घरांचा अभ्यास करून 2015 मध्ये तो छापला. त्यात नुसतं जनावर दिलेलं नव्हतं. काही महिने खाण्यापुरता भत्ता, शिकवणी, बचत, आरोग्याची माहिती आणि दोन वर्षं नियमित घरी येणारं माणूस, असं सगळं एकत्र होतं. सगळं संपल्यावर वर्षभरानेही ती घरं पुढे होती. घानात मात्र काही घरांना नुसत्या शेळ्या देऊन पाहिलं, तिथे तसा टिकाऊ फरक दिसला नाही. मी हे वाचलं तेव्हा मला खोकणारी तपकिरी शेळी आठवली आणि मग पशुसखीचा तो फोन.

म्हणून काका, शेळी द्या, पण शेळीच्या किमतीएवढेच पैसे देऊन थांबू नका. पहिल्या वर्षाचा खुराक, पीपीआर आणि आंत्रविषाराच्या दोन्ही लसी, विमा आणि वर्षभर येणाऱ्या पशुसखीचं मानधन त्यात धरलंय का, ते विचारा. एका घराला एक शेळी देऊ नका, दोन द्या. एकटी ओरडून ओरडून खाणं सोडते, आणि ती गेली तर मागे काहीच उरत नाही. जनावर कुणी निवडलं ते विचारा. बिल्ला कुणाच्या नावावर लागणार ते विचारा. पैदाशीचा बोकड गावात कुठून येतो आणि दर दोन वर्षांनी बदलतात का, हेही विचारा. आमच्याकडे एकच बोकड चार वर्षं फिरला, शेवटी करडं दुबळी निघायला लागली आणि आम्हाला कारण कळायलाही वर्ष गेलं. आणि फोटो हवा असेल तर टेम्पोच्या दिवसाचा मागू नका, वर्षानंतरचा मागा. त्यात शेळी दिसली पाहिजे.

मला पाचपैकी गुण द्यायला सांगितले तर जनावराला मी पाच देईन, पशुसखीला पाच, पहिल्या खरेदीला एक. पहिल्या वर्षाच्या आधाराला दोन, तेही शेळीवही दिली म्हणून.

परत द्यायच्या पाटीचं राहिलं. सप्टेंबर 2018 मध्ये काळीची पहिली पाट आईनं एका विधवा बाईला दिली. समाजमंदिरासमोरच, पण आता टेम्पो नव्हता. आईनं पाटीला आंघोळ घातली होती, कपाळाला हळदकुंकू लावलं होतं. बाईची ओटी भरली, मग दावं तिच्या हातात दिलं. आज्जी तिथे बसली होती. तिनं आयुष्यभर दुसऱ्याच्या शेळ्या राखल्या, आणि आता तिच्या घरातून शेळी बाहेर जात होती, वाट्यात किंवा उधारीत नव्हे. तिनं त्या बाईला विचारलं, "डालगं हाय का तुझ्याकडं?" नव्हतं. आज्जीनं आपलं दिलं.

त्या बाईनं तिची पाट पुढे दिली. तिच्याकडून ज्या घरात गेली त्यांनी मात्र दिली नाही, मुलाच्या आजारपणात विकली. कुणी त्यांना बोललं नाही. आमच्या दावणीला आज नऊ शेळ्या आहेत, एक सोडून बाकी सगळ्या काळीच्या आणि बांडीच्या वंशातल्या. भाऊ आयटीआयला आहे. आप्पा बसल्या बसल्या शेवरीचा पाला कुट्टीला घालतात.

संस्था अजून काम करते. आता खरेदीच्या दिवशी ती गावातल्या जाणत्या बायांना बाजारात नेते, आणि त्यात आई असते. गेल्या खेपेला मी सुट्टीवर होते, तिच्याबरोबर गेले. पाच नव्या घरांसाठी दहा शेळ्या घ्यायच्या होत्या. आई रांगेनं फिरत होती. खालचा ओठ ओढून दात बघायची, कास दाबून गाठ नाही ना बघायची, शेपटी उचलून मागचा भाग स्वच्छ आहे का बघायची. एक काळी, अंगानं भरलेली, भावातही बसत होती. नव्या बाईचा जीव तिच्यावर बसला होता. आई तिच्याजवळ थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग त्या बाईच्या दंडाला धरून पुढे नेलं.

"ती नको," म्हणाली. "खोकतीय."